चार पायांचा ठिपका

बंदुकीला कुलूप आलं हे चांगलंच झालं. तेव्हाच एखादं माझ्या तोंडालाही बसवलं असतं, तर माझी दोन वर्षं वाया गेली नसती.

मी मिलिंद घाडी. वय त्रेसष्ट. तीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो, त्यामुळे यंत्राला शिव्या घालणाऱ्या माणसांचं आणि माझं कधी जमलं नाही. यंत्र खोटं बोलत नाही. बिघडलं तर बिघडलं म्हणून सांगतं तरी. माणूस बिघडला की वर्ष-वर्ष पत्ता लागत नाही. हे मी अनुभवाने सांगतोय, कारण बिघडलेला माणूस मीच होतो.

आमचं गाव कातळवणे. वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार, खाली काजूच्या बागा, मध्ये करवंदीच्या जाळ्या. या जाळ्यांत रानडुकरं. एका रात्रीत सगळं पीक उपटून टाकतात आणि सकाळी तुमच्याकडे असं बघतात, की जणू बाग त्यांची आणि तुम्हीच चोर. म्हणून आमच्याकडे पारध. गावाने मिळून केलेली शिकार. पारधीत दोन कामं महत्त्वाची. एक बंदुकीवर बसायचं, ते माझ्याकडे, कारण परवाना वडिलांपासून चालत आलेला. दुसरं रान उठवायचं, म्हणजे ओरडत, दगड मारत जनावर बंदुकीकडे हाकायचं. ते नानूकडे.

नानू धुरी. शाळेत माझ्या बाकावर, लग्नात माझ्या शेजारी, पारधीत माझ्यासमोर. त्याच्याकडे एक विद्या होती. सड्यावर उकिडवा बसायचा, तळहात कातळावर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "दोन मादये, पाच पिल्ला, आंब्याच्या व्हाळात." त्या ओढ्यात जाऊन बघावं तर दोन माद्या, पाच पिल्लं.

माझी मुलगी ऋजुता तेव्हा दहा वर्षांची. ती त्याच्या पाठोपाठ फिरायची. "नानूकाका, हाताला कसं कळतं?"

"डुकर धावलो की कातळ किरकिरता," नानू सांगायचा. "माणूस चल्लो की हुंकार देता. हात ठेव. ऐकूक येता काय?"

ती हात ठेवायची आणि येतं म्हणायची. मला कधी काही ऐकू आलं नाही.

ऋजुता शिकून भूकंपाच्या अभ्यासात गेली आणि तिथून परत आमच्या रानात आली. तिने जे बनवलं त्याचं सरकारी नाव भूश्रवण. गाव त्याला खुंटी म्हणतं, कारण दिसायला ती खुंटीच आहे. वीतभर लांब, कातळात ठोकलेली. आत एक लोहचुंबक, स्प्रिंगला टांगलेलं, भोवती तारेचं वेटोळं. जमीन हलली की खुंटी हलते, वेटोळं हलतं, पण चुंबक जडपणामुळे जागच्या जागी राहायला बघतं. दोघांच्या या फरकामुळे तारेत इवलीशी वीज येते. भूकंप मोजायला हीच युक्ती वापरतात. ऋजुताने तिच्यावर पाऊल मोजलं.

प्रत्येक पावलाने जमिनीत लाट उठते. माणूस टाच टेकतो, मग चवडा, दोन पायांवर संथ. डुकराचे खूर आखूड, टणक, चार पायांची घाई. खुंट्यांनी ठोके पकडायचे, संगणकाने ठोक्यांची चाल ओळखायची. लाट कुठल्या खुंटीला आधी पोचली आणि कुठल्या खुंटीला उशिरा, यावरून जागा सांगायची. फोनवर नकाशा येतो. डुक्कर लाल ठिपका, माणूस हिरवा, कुत्रा पिवळा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बंदुकीचं कुलूप. नळीच्या रोखात हिरवा ठिपका असेल तर चाप दाबलाच जात नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? तर ऐका. जुन्या पारधीत दर दोन-चार वर्षांनी कुठल्या तरी गावात माणूस मरायचा. जाळी हलली, बार निघाला आणि जाळीतून किंकाळी आली ती ओळखीची. शेजारच्या गावात सासऱ्याच्या गोळीने जावई गेला. म्हणून नवा कायदा आला, की बागा नासणारं डुक्कर परवानगीने मारा, मांसही गावात वाटा, पण खुंट्यांशिवाय बंदूक उचलायची नाही. आमच्या जिल्ह्यात खुंट्या आल्यापासून पारधीत एक माणूस मेला नाही. माझ्या पोरीच्या डोक्यातून निघालेली ही गोष्ट. छाती फुगणार नाही तर काय होईल?

ती जरा जास्तच फुगली.

खुंट्यांच्या उद्घाटनाला देवळासमोर मांडव घातला होता. ऋजुताने भाषण केलं, विद्यापीठाचे आभार मानले, वनखात्याचे मानले, आईबाबांचे मानले. मग माइक माझ्या हातात आला. माझ्या हातात माइक आणि माकडाच्या हातात कोलीत, दोन्ही सारखंच. मी म्हणालो, "आता बोंबलून बोंबलून घसा बसवायची गरज नाही. नानूला आपण पेन्शनीत काढला! यापुढे त्याने घरी बसून म्हातारीला हाकावं!"

मांडव हसला. नानूही हसल्यासारखा दिसला. मग तो उठला, हातातला नारळ देवासमोर ठेवला आणि चालता झाला. त्या रात्री गावाच्या पारधीच्या ग्रुपवर एक ओळ आली, 'नानू धुरी यांनी ग्रुप सोडला.'

दुसऱ्या दिवशी जायला हवं होतं. नाही गेलो. थट्टा होती, एवढं काय, येईल आपोआप. आठवडा गेला, महिना गेला, मग जायची लाज वाटायला लागली. बाजारात समोर आला तर तो तिकिटाच्या रांगेतल्या माणसासारखा बघायचा. ऋजुता एकदा म्हणाली, "बाबा, मीही काकांचं नाव घ्यायला विसरले. मूळ कल्पनाच त्यांची होती." मी म्हणालो, "मोठं करू नकोस." यालाच म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा.

आता त्या सकाळचं सांगतो.

जानेवारी २०४१. आमच्या रानात एकसुळ्या नावाचा दांडगा नर होता, एक सुळा मोडलेला, म्हणून तो आणखीच चिडका. काजूखालचा पालापाचोळा गोळा करायला गेलेल्या शकूकाकीची मांडी त्याने फाडली. म्हातारी वाचली, पण बागेत जायची कोणाची छाती होईना. खात्याने त्याच्यासाठी परवानगी दिली ती सात दिवसांची. सातवा दिवस उजाडला तरी एकसुळ्या मोकळाच होता. अकरा वाजता परवानगी संपणार होती.

पूर्वी पारधीच्या सकाळी नानू दारोदार फिरायचा. "आज रान उठतला! रानात कोणी जाव नकात! गुरां बांधून ठेवा!" झोपलेल्यांची दारं बडवायचा. बहिऱ्या तात्याच्या खिडकीतून काठी घालून त्याला ढोसायचा. आता ग्रुपवर मेसेज जातो. सहा वाजता ऋजुताने टाकला, सगळ्यांनी अंगठे दिले. सात वाजता खुंट्या चालू झाल्या. नकाशावर रानात एकही हिरवा ठिपका नव्हता, माझा सोडून.

मी कुंभ्याच्या झाडाखाली बसलो होतो. मांडीवर बंदूक, बंदुकीला फोन अडकवलेला, कानात गोळीएवढा यंत्राचा बोंडा, दोरीने गळ्यात अडकवलेला, त्यावरून तंबूशी थेट बोलता येई. ऋजुता वर सड्यावर तंबूत, पडद्यासमोर.

पावणेअकरा झाले. "बाबा," कानात तिचा आवाज, दबलेला. "तुमच्या समोर. साठ मीटर. लाल."

मी पाहिलं. करवंदीची जाळी हलत होती. थांबत होती, हलत होती.

"कधी आला?"

"हलला आत्ता. आधी झोपला असेल. मुळं उकरतोय. चार पाय, जड अंग. यंत्र म्हणतंय चौऱ्याण्णव टक्के. बाबा, एकसुळ्याच असणार."

बंदुकीने बारीक टिक् केलं. कुलूप उघडलं. मी नेम धरला. जाळीत पाल्यामागे काळपट काहीतरी वाकलेलं, उकरणारं. बोट चापावर गेलं.

माझे वडील एक गोष्ट सांगून गेले होते, की बार काढण्याआधी एक श्वास सोडायचा आणि रानाला कान द्यायचा. यंत्र आल्यापासून मी श्वास सोडत होतो, कान देत नव्हतो. द्यायला कान मोकळाच कुठे होता? पण त्या दिवशी बोंड्याखाली घाम आला आणि कान खाजला. एवढंच कारण, दुसरं काही नाही. देवाने मला खाज दिली, म्हणून मी बोंडा काढला.

खस. खस. आणि मग, ठण्ण.

पुन्हा खस. खस. ठण्ण.

डुक्कर मुळं उकरतं, पण लोखंड वाजवत नाही.

कणगर माहीत आहे ना? रानातला कंद. तो खणायला आमच्याकडे हातभर लांबीची पहार लागते. दोन घाव घालायचे आणि चिकटलेली माती झाडायला पहार दगडावर आपटायची. आपटतात सगळेच, पण दर दोन घावांनी न चुकता आपटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता. आम्ही पोरं असताना मी त्याला चिडवायचो, "नानू, माती खणतस काय देवळात घंटा वाजवतस?"

पण नानू इथे कसा असेल? सकाळी मेसेज गेला होता. सगळ्यांना गेला होता.

सगळ्यांना. ग्रुपवर.

ग्रुप तर नानूने दोन वर्षांपूर्वीच सोडला होता. जो माणूस जन्मभर गावाची दारं बडवत फिरला, त्याच्या दारावर आज कोणी थाप मारली नव्हती. आणि आम्हाला त्याची आठवणही झाली नव्हती.

तुम्ही विचाराल, मग हाक का नाही मारली? मारू शकत होतो. पण ठण्ण म्हणजे नुसता दगड घरंगळला असेल आणि आत एकसुळ्याच असेल तर हाकेने तो उधळणार, परवानगी संपणार आणि उद्या आणखी कोणाची तरी मांडी फाटणार. फोनने तसं होणार नव्हतं. नानू घरी असता तर फोन घरी वाजला असता, रानाला पत्ताही लागला नसता. मात्र फोन करायचा तर शिकारीचं अ‍ॅप बंद करावं लागतं. ते बंद केलं की बंदुकीला वीस मिनिटं कुलूप. म्हणजे अकरा वाजून गेलेच. ऋजुताला करायला सांगावं, हे त्या क्षणी सुचलंच नाही.

आणि खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो. त्या क्षणी एकसुळ्या निसटेल याची भीती मला कमी होती. नानू फोन उचलून "काय काम?" विचारेल, याचीच जास्त होती.

बोट चापावरून काढलं. अ‍ॅप बंद केलं. बंदुकीने टक् केलं. नंबर शोधावा लागला नाही, तीस वर्षांपूर्वीचा तोच होता. तरी घाईत दोनदा चुकला.

रिंग गेली. जाळी हलायची थांबली.

आणि जाळीतून बोंडू भुंकला.

बोंडू म्हणजे आमचा कुत्रा. माझा की नानूचा, ते कधी ठरलंच नाही. काजूच्या पिकल्या बोंडूसारखा तांबडा म्हणून नाव बोंडू. पंधरा वर्षं आमच्या पारधीत पळाला. भुंकताना शेवटी एक हेल काढायचा, जणू "काय, कसं?" असं विचारतोय. चार वर्षांपूर्वी म्हातारपणाने गेला. आम्ही दोघांनी त्याला खालच्या काजूखाली पुरलं, दोघांनी मिळून खड्डा खणला, दोघं रडलो. तो बोंडू जाळीतून भुंकत होता. एकदा, दोनदा, तीनदा, त्याच हेलात.

मी बंदूक जमिनीवर ठेवली. 

जाळी बाजूला झाली. आधी मातीने भरलेलं डोकं, मग काळी घोंगडी, मग पहार. गुडघा दुखरा असल्यामुळे नानू पहार टेकत उभा राहिला. त्याने फोन कानाला लावला.

"हॅलो." मग घसा खाकरून, "बोल. काय काम?"

मी बसल्या जागेवरून हात वर केला, पण त्याचं लक्ष फोनकडे. 

"अरे, बोल ना मेल्या. खय आसस?"

"समोर," मी म्हणालो.

त्याने मान वर केली. मला पाहिलं. माझ्या पायाशी पडलेली बंदूक पाहिली. ज्या जाळीतून तो आला होता, तिच्याकडे मागे वळून पाहिलं. मग फोन कानाला तसाच धरून हळूहळू खाली बसला. मीही बसलो होतो. मध्ये साठ मीटर कातळ, दोघांचे फोन चालू, आणि दोन म्हातारे एकमेकांचा श्वास ऐकतायत.

गळ्याशी लोंबकळणाऱ्या बोंड्यातून ऋजुता ओरडत होती, "बाबा, थांबा! मारू नका! ठिपका हिरवा झाला! बाबा!" तो उभा राहिला तेव्हा कुठे यंत्राला माणूस दिसला होता.

ती सड्यावरून धावत आली, पडली, गुडघा फोडून घेतला, पुन्हा धावली. नानूच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली. "काका, माझं यंत्र... मी तुम्हाला..."

"गप, चेडवा. रडा नको." नानू तिच्या डोक्यावरची पानं काढत होता. आवाज मात्र पारधीतला. "तुझ्या मशीनाक चार पाय दिसले ना?"

"हो."

"मगे बरोबर दिसले! मी बसान पुढे सरकतंय. दोन पाय, एक हात, एक पहार. मोज. किती झाले?"

ऋजुता रडता रडता मोजायला लागली.

"चार," ती म्हणाली.

"ता चुकला नाय. तेका पहार कोणी शिकवकच नाय. मी पहाटे इलंय, तुझे खुंटये झोपलेले. मगे थंडी वाजली म्हणान घोंगडी घेवन पडलंय. तेंका माझी चाल कशी कळतली?"

ज्या यंत्राने त्याला पेन्शनीत काढलं, आत्ता मारलंच असतं, त्याची बाजू नानू मांडत होता. मला ते सहन होईना. मी म्हणालो, "नानू, त्या दिवशी माइकवर मी..."

"गप."

"नाही, ऐक. तुझ्या तळहातावरून पोरीने सगळं उभं केलं. ते सांगायचं सोडून मी गावासमोर तुझी थट्टा केली. चुकलो. दोन वर्षं चुकत राहिलो."

नानूने पहार दगडावर आपटली. ठण्ण. "ह्या आधी बोलतस तर कणगरां खणूक तूच येतस ना माझ्या सोबतीक," तो म्हणाला. "गुडघो दुखता माझो."

आमच्याकडे एकमेकांना थँक्यू म्हणायची पद्धत नाही. फारच भरून आलं तर एक वाक्य आहे, ते मी म्हणालो. "देव बरा करो तुझा."

"तुझा पण करो," नानू म्हणाला. "आज तेना दोघांचाय केला."

थोड्या वेळाने मी विचारलं, "ग्रुप सोडलास, माझ्याशी बोलणं सोडलंस. मग माझ्या नंबराच्या रिंगला बोंडूचा आवाज तसाच कसा ठेवलास?"

नानूने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "भांडाण तुझा नि माझा. बोंडूचो काय गुन्हो?"

यावर मी जो रडलो, तो पोरीसमोर रडलो. सांगायला मला आता लाज वाटत नाही.

त्यानंतर ऋजुताने दोन महिने खुंट्या बंद ठेवल्या. नानूला घेऊन ती रोज रानात. तो खणायचा, रांगायचा, काठी टेकत चालायचा, भारा डोक्यावर घेऊन चालायचा. शकूकाकी बरी झाल्यावर तिला लंगडत चालवलं. तात्याला बसल्या जागी काजू वेचायला लावले. माणूस किती तऱ्हांनी जमिनीला लागतो, ते यंत्राला शिकवलं. आणि एक नियम नवा घातला. कुलूप उघडण्याआधी यंत्र आसपासचे सगळे फोन वाजवतं, ग्रुपमध्ये असलेले, नसलेले, रुसलेले, सगळे. फोन नसलेल्यांसाठी नानू पुन्हा दारं बडवतो. उद्घाटन वगैरे केलं नाही. यंत्राच्या कागदांवर मात्र शोधक म्हणून पहिलं नाव नारायण धुरी, म्हणजे आमचा नानू. दुसरं तिचं.

एकसुळ्या मार्चमध्ये नव्या परवानगीत मिळाला. नानूने कातळावर हात ठेवून दिशा सांगितली, खुंट्यांनी तीच सांगितली, मी कान देऊन बार काढला. पारधीचे वाटे पडले. देवाचा, बंदुकीचा, हाकाऱ्याचा, घराघराचा. आमच्यात कुत्र्याचाही वाटा असतो. तो नानूने पळसाच्या पानावर घेतला आणि खालच्या काजूखाली ठेवला.

आता रान उठवायच्या आधी एक रीत पडली आहे. सगळे जागेवर बसले की मी नानूला फोन लावतो. रानात कुठून तरी, कधी व्हाळातून, कधी सड्याच्या कडेवरून बोंडू भुंकतो. पोरं ओरडतात, "बोंडू इलो!" जिथून आवाज येतो तिथे माझा माणूस आहे, हे माझ्या कानाला कळतं.

नानू फोन उचलत नाही. उचलायचा नसतोच. मी हात जोडतो आणि मगच बंदूक घेतो.